मनोची आई परदेशात

दोन वर्षांच्या लेकीला घेऊन पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. परक्या देशात मूल वाढवताना आईला काय सोसावं लागतं, काय राखावं लागतं आणि कशावर पाणी सोडावं लागतं, हे त्यांच्या सहा वर्षांच्या परदेशवासात दिसतं. आजच्या ‘परदेशातल्या आई’चे प्रश्न त्याहून फार निराळे आहेत का?

दुर्ग-भिलाई या जोडशहरातला बोरसी हा भाग घ्या. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नोकरीसाठी देशभरातून माणसं इथं आली. नागपूर, भंडारा, गोंदिया तर रेल्वेच्या एकाच रुळावरचे शेजारी. तिकडची मराठी कुटुंबंही इथलीच होऊन गेली. बाप घर सोडून भिलाईला आला, मुलगा शिकून पुण्या-बंगळूरला गेला आणि नात किंवा नातसून आता परदेशात, अशी तीन पिढ्यांची वाटचाल इथल्या अनेक घरांची आहे.

अशा घरात रविवारची संध्याकाळ फोनची असते. हिवाळ्यात इथं सात वाजलेले असतात, तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ. पडद्यावर नातू दिसतो, दूध सांडतो, पळून जातो. मग लेक कॅमेऱ्यासमोर येते. हवापाणी, भाजी, ताप, शाळा असं सगळं बोलून झालं की हळूच विचारते, “आई, तू कधी येतेस?”

आईलाही आई लागते, ती परदेशात तर फारच लागते. ही गरज विमानाच्या जमान्यातली आहे असं वाटत असेल, तर जरा एकशे चाळीस वर्षं मागं जाऊ या. तेव्हा विमान नव्हतं, फोन नव्हता, आणि रमाबाईंच्या मागे ना आई होती, ना सासू, ना नवरा.

जहाजावर चढलेली दोन वर्षांची मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, म्हणून कुटुंबाला वनवास आला. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हे कुटुंब देशभर हिंडलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील काही महिन्यांच्या अंतरानं गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पाठचा आधार असलेला भाऊही पुढं गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली आणि ती जेमतेम दहा महिन्यांची असताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबाबू पटकीनं वारले.

तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर तान्ही मुलगी. बाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी, ही त्यांची मागणी होती आणि आपणच डॉक्टर व्हावं असं मनात होतं. पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या तिकिटाला हातभार लागला. एप्रिल १८८३ मध्ये मनोला घेऊन त्या मुंबईहून निघाल्या. सोबतीला आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती.

इंग्लंडमध्ये उतरण्याची जागा ठरलेली होती. वाँटेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन नावाचा ख्रिस्ती भगिनींचा मठ होता. त्याची एक शाखा पुण्यात असल्यानं ओळख झालेली. ठरलं असं, की रमाबाईंनी भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावं आणि त्या बदल्यात स्वतः इंग्रजी शिकावं, राहणं-खाणं मठात. फुकटचा आश्रय घ्यायचा नाही, हा बाणा पहिल्यापासून दिसतो.

पण सुरुवातच भयंकर झाली. काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये आत्महत्या केली. परका देश, परका धर्म, भोवती अनोळखी माणसं, या सगळ्याच्या धास्तीनं त्या खचल्या होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात मोठी खळबळ उडाली. ज्यांनी कौतुक केलं होतं त्यांनीच पाठ फिरवली. त्या धर्मांतराविषयी आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथं आपल्याला त्या घरातल्या लहान मुलीचं काय झालं, तिच्या आईचा दिवस कसा जात होता, हे पाहायचं आहे.

वाँटेजची ‘आजीबाई’

डॉक्टर होण्याचं स्वप्न लवकरच मोडलं. रमाबाईंना कानांनी कमी ऐकू येऊ लागलं होतं. तपासणीत कान दगा देणार असतील तर वैद्यकीच्या अभ्यासाचा उपयोग काय? १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील म्हणजे इंग्लंडमधल्या स्त्रीशिक्षणातलं मोठं नाव. रमाबाई तिथं इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत आणि संस्कृत शिकवत. विद्यार्थिनी आणि शिक्षिका एकाच वेळी. त्यात आई असणं हा तिसरा व्यवसाय म्हणा ना!

मग मनो कुठं राहायची? बराच काळ वाँटेजला, भगिनींच्या देखरेखीखाली. तिच्यावर विशेष माया होती ती सिस्टर जेराल्डिन यांची. रमाबाई त्यांना पत्रांतून चक्क ‘आजीबाई’ म्हणत! एका इंग्रज जोगिणीला मराठी आजीचं पद मिळालं. स्वतःची आई नाही, सासू नाही, तेव्हा मुलीला आजी तर हवीच. ती परमुलखात मिळेल तिथून मिळवायची. आज परदेशातल्या मराठी घरांत शेजारची गुजराती काकू, वरच्या मजल्यावरची तमिळ मावशी जशी घरचीच होऊन जाते, तसंच हे.

पण आजीबाई म्हटलं की आजीबाईंचा हक्कही आला. आणि इथंच खरी ओढाताण सुरू झाली.

पुडिंग, क्रूस आणि मनोचं शिक्षण

रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार पुढं १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनात, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळातर्फे प्रसिद्ध झाला. तो वाचताना धर्मचर्चेची पानंच्या पानं लागतात. सामान्य वाचकाला ती जड जातील, पण मधेमधे घरातल्या गोष्टी निघतात आणि मग वाचणाऱ्या बाईला वाटतं, अगं, हे तर आपलंच!

पहिली गोष्ट खाण्याची. रमाबाईंनी धर्म बदलला, पण शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. भगिनींना हा जुन्या जातीचा अभिमान वाटला. आता ख्रिस्ती झाल्यावर हे कशाला? रमाबाईंचं उत्तर मासलेवाईक आहे. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये जाऊन राहिली आणि कुणाला त्रास न होणाऱ्या स्वतःच्या चालीरीती तिनं चालू ठेवल्या, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणेल का, असा त्यांचा सवाल. दुसऱ्याच्या ताटात डोकावणारे सगळीकडेच असतात, त्यांना याहून सभ्य भाषेत कोण समजावील?

दुसरी गोष्ट क्रुसाची. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, लॅटिनमध्ये खास पावित्र्य ते कसलं? भारतातल्या बायकांना ती भाषा कुठं कळते? अक्षरं घालायची तर संस्कृत घाला.

तिसरी गोष्ट कामाची. त्यांनी मुलग्यांना संस्कृत शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलं तर भारतात तिचं नाव खराब होईल, अशी त्यांची काळजी! ज्या बाईनं देशभर भरसभेत पुरुषांसमोर व्याख्यानं दिली होती, तिला हे ऐकावं लागलं. त्या चिडल्या, आणि चिडल्याचं लपवलंही नाही.

या सगळ्यापेक्षा नाजूक प्रश्न होता मनोच्या शिकवणुकीचा. जे धर्मतत्त्व आपल्यालाच अजून पटलेलं नाही, ते न कळत्या पोरीच्या तोंडून घोकून घेऊ नये, असा रमाबाईंचा आग्रह होता. भगिनींच्या दृष्टीनं मुलीला संपूर्ण शिकवण देणं हे त्यांचं कर्तव्यच होतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सिस्टर जेराल्डिन यांचं मनोवर प्रेम होतं यातही शंका नाही. पण मायेनं सांभाळणारी व्यक्ती आणि मुलीविषयी शेवटचा निर्णय घेणारी व्यक्ती या दोन वेगळ्या, आणि निर्णय घेणारी आईच, ही रेघ रमाबाईंनी पत्रांतून पुन्हा पुन्हा ओढली. ज्यांच्या छपराखाली आपली मुलगी झोपते, जेवते, त्यांनाच हे सांगायचं. केवढी हिंमत लागली असेल! मला तर रमाबाईंच्या सगळ्या वादविवादांत हा घरगुती वाद सर्वांत अवघड वाटतो. शास्त्र्यांना हरवणं त्यामानानं सोपं. उपकारकर्त्यांशी भांडताना आवाज चढवता येत नाही.

सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मनोला सोडताही येत नव्हतं आणि सोडल्याशिवाय शिकताही येत नव्हतं. नोकरी करणाऱ्या कोणत्या आईला हा पेच समजावून सांगायला हवा?

अटलांटिकच्या दोन काठांवर

फेब्रुवारी १८८६ मध्ये, ऐन थंडीत, रमाबाई मनोला घेऊन लिव्हरपूलहून जहाजानं फिलाडेल्फियाला निघाल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं. नात्यातल्या या मुलीला ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हानियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली. किशोरवयात झालेलं आनंदीबाईंचं बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलं होतं, त्या दुःखातून त्यांचा डॉक्टर होण्याचा निश्चय झालेला. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. वर्ष उलटायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात क्षयानं वारल्या.

थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. कॉलेजच्या अधिष्ठात्या डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांना मदतीचा हात दिला. त्या किंडरगार्टन पद्धत शिकल्या. फ्रोबेलची ही बालशिक्षण पद्धत त्यांना फार आवडली. खेळातून, हातांनी वस्तू करत मुलं शिकतात, हे आपल्याकडच्या बालविधवांनाही शिकवता येईल, म्हणजे त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळेल, असा त्यांचा हिशेब होता.

१८८७ मध्ये त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघालं. अर्पण केलं होतं आईला, लक्ष्मीबाई डोंगरे यांना. पुस्तक हातोहात खपलं. मग गावोगाव व्याख्यानं, आगगाडीचे लांबच लांब प्रवास, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवण्याचं ठरलं.

आणि मनो? पाच वर्षांच्या मुलीला घेऊन असं गावोगाव हिंडणं शक्य नव्हतं. तिला वाँटेजला परत पाठवावं लागलं. ज्या मठाशी तिच्या शिकवणुकीवरून एवढं वाजलं होतं, तिथंच. रमाबाईंना हे किती जड गेलं असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. आई अमेरिकेत, लेक इंग्लंडमध्ये, मधे अटलांटिक महासागर, आणि पत्र पोचायला बरेच दिवस.

या काळात रमाबाई लेकीला पत्रं लिहीत. गुलामगिरीतून स्वतः निसटून आणखी कितीतरी गुलामांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमन या कृष्णवर्णीय वीरांगनेची भेट झाली, तर ती हकिगतसुद्धा मनोला कळवली. लहान मुलीला काय कळणार म्हणून त्यांनी मोठ्या गोष्टी वगळल्या नाहीत.

अमेरिका पाहताना त्यांची नजरही एका घरधनीण बाईची होती. १८८९ मध्ये मराठीत निघालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात तिथल्या राज्यकारभाराबरोबरच घरं, संसार, कपडे, शाळा यांची तपशीलवार माहिती आहे. बायकांच्या संस्था पाहून त्या हरखल्या. पण कंबर आवळून टाकणाऱ्या कपड्यांवर आणि टोपीवर मेलेले पक्षी मिरवण्याच्या फॅशनवर त्यांनी कडक टीका केली. काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवरही त्या बोलल्या. परदेश म्हटलं की एक तर डोळे दिपतात, नाहीतर नाकं मुरडली जातात. हे पुस्तक दोन्ही टाळतं. आजही वाचनीय आहे.

१८८८ च्या अखेरीस त्या सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परतीला लागल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या, त्याच पुढं धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. याच सदनात मनो पुन्हा आईपाशी राहू लागली.

आजची मनो, आजची आजीबाई

आता बोरसीच्या फोनकडं वळू. अमेरिकेतल्या लेकीनं आईला बोलावण्यामागं मायेइतकाच हिशेबही असतो. तिथं बाळंतपणाची पगारी रजा देशभर सर्वांना देणारा केंद्रीय कायदा नाही. १९९३ च्या कायद्यानं मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही सर्वांना नाही. पाळणाघर महाग. म्हणून आधी तिची आई, मग सासू, अशी पाळी लागते. पर्यटक व्हिसावर एका वेळी सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. नेमकी मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. सहा महिने एक आजी, सहा महिने दुसरी, असं वर्ष निघतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळं गेलेल्या आईची गोष्ट आणखी वेगळी. एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकांना पूर्वी नोकरी करताच येत नसे. मे २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना, म्हणजे नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल त्यांना, कामाची परवानगी मिळू लागली. इंजिनिअर, डॉक्टर झालेली मुलगी बर्फाळ गावात दिवसभर बाळासोबत एकटी. तिला रोजचा फोन म्हणजे करमणूक वाटत नसेल, आधार वाटत असेल. इकडून ‘काय, मजा आहे बाई तुझी!’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

मुलाची भाषा, मुलाचं खाणं, मुलाला झोपवण्याची पद्धत, यावर परक्या व्यवस्थेचं काय म्हणणं असेल ही धास्तीही जुनीच. नॉर्वेतल्या सागरिका चक्रवर्ती यांची गोष्ट अनेकांना ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ या २०२३ च्या सिनेमामुळं ठाऊक आहे. २०११ मध्ये तिथल्या बालकल्याण यंत्रणेनं त्यांची दोन्ही मुलं ताब्यात घेतली. हातानं भरवणं, मुलाला आपल्या बिछान्यात झोपवणं यावर आक्षेप घेतला गेला, असं पालकांचं म्हणणं. कारण सांस्कृतिक नव्हतं, असं यंत्रणेचं म्हणणं. २०१२ मध्ये मुलं भारतात काकांकडं आली आणि जानेवारी २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशानं आईकडं. असं प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही, घाबरून जाण्याचं कारण नाही. पण तिथले नियम काय आहेत, शाळेतून किंवा दवाखान्यातून काही विचारणा झाली तर कुणाचा सल्ला घ्यायचा, हे आईनं आधीच माहीत करून ठेवलेलं बरं.

भाषेच्या बाबतीत मात्र आजची आई रमाबाईंपेक्षा भाग्यवान आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं, आणि तिथं गावोगावी सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. शिकवणाऱ्या बहुतेक आयाच.

आणि जाणाऱ्या आजीबाईंसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. रायपूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठून पुढचं विमान धरावं लागतं, तेव्हा मधे पुरेसा वेळ ठेवा. प्रवासाचा आरोग्य विमा काढाच. जुन्या दुखण्यांना तो लागू आहे का हे कागदावर वाचून घ्या. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. मेतकूट, डिंकाचे लाडू भरताना तिथल्या कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ असल्याचं खरं सांगा. ताजी फळं, भाज्या, बियाणं नेऊ नका. आणि पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात लेकीला विचारून घ्या, बाळाला झोपवायचं कसं, भरवायचं काय, रडलं तर काय करायचं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलेलं आपल्याला पटेलच असं नाही. वाँटेजच्या आजीबाईंनाही सगळं कुठं पटत होतं!

मनोचं पुढं काय झालं?

शारदा सदन मुंबईहून पुण्याला आलं. पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. मनोरमा शिक्षणासाठी पुन्हा परदेशी गेली, अमेरिकेतही राहिली. १८९८ मध्ये असोसिएशनची दहा वर्षं पुरी झाली म्हणून रमाबाईही एकदा अमेरिकेला जाऊन आल्या. परत आलेली मनोरमा आईच्या कामात उजवा हात झाली. केडगावची शाळा पाहिली, निधी गोळा करायला ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवास केला, गुलबर्ग्याला शाळा काढली. रमाबाईंनंतर सगळं तीच सांभाळणार, असं धरून चाललं होतं.

पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा मिरजेला वारली. वय चाळीस. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करत होत्या. लेकीमागं नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला त्यांचं निधन झालं.